उतरंड आणि शिंके

फुटबॉलमधल्या ‘रेलिगेशन’ला मराठीत काय म्हणावे, या प्रश्नावर आमच्या घरात अनेक संध्याकाळी खर्ची पडल्या आहेत. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक, आणि एखाद्या शब्दापाशी अडून बसणे ही या पेशाची खोडच आहे. तेव्हा वाचकांनी प्रारंभीचा हा विस्तार सोसावा. क्रीडापानांवर या शब्दाचे पर्याय निरनिराळे आढळतात. कोणी ‘हकालपट्टी’ लिहितो, कोणी ‘गच्छंती’, कोणी ‘पदावनती’. घाईत असलेला वार्ताहर ‘संघ रेलिगेट झाला’ असे लिहून मोकळा होतो आणि, खरे सांगायचे तर, त्याचेच वाक्य वाचकाला सर्वांत लवकर कळते. हकालपट्टी म्हटले की हाकलणारा कोणीतरी डोळ्यांपुढे उभा राहतो. गच्छंतीत बघ्यांचा आनंद मिसळलेला असतो. तो शब्द वापरणाऱ्याला गेलेल्याविषयी फारसे दुःख झालेले नसते. पदावनती हा कार्यालयीन शब्द, त्याला खातेनिहाय चौकशीचा वास येतो. लीगच्या तक्त्यात चौकशी नसते आणि आकसही नसतो. विजयाचे तीन गुण, बरोबरीचा एक, पराभवाचे शून्य. हंगामाच्या अखेरीस बेरीज मांडायची आणि तळच्या नावावर रेघ ओढायची. इतक्या निर्विकारपणे खाली उतरवणारी दुसरी व्यवस्था आमच्या पाहण्यात नाही.

आमच्यापैकी एकाचे घर कोल्हापूरचे. तिथे या प्रश्नाला प्रश्न म्हणून कोणी ओळखत नाही. तिथले लोक नुसते ‘संघ खाली गेला’ म्हणतात, आणि पुढच्या वर्षी ‘वर आला’ म्हणतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे मुळात तालमींची. लाल मातीतल्या कुस्तीच्या आखाड्यांना पुढे फुटबॉलचे संघ फुटले आणि शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पेठांच्या पेठा येऊन बसू लागल्या. अशा तालमीचा संघ समजा एखाद्या वर्षी वरच्या गटातून खाली घसरला, तरी तालीम जागची हलत नाही. गणपती बसायचा तिथेच बसतो, कट्ट्यावर बोलणारे तेच असतात, शिव्या तेवढ्या वर्षभर अधिक ऐकाव्या लागतात. ‘खाली गेला’ या साध्या क्रियापदात एक गृहीतक दडलेले आहे, ते आम्हांला फार उशिरा उमगले: गेलेला जिथे जातो तिथे जागा असते. खाली काहीतरी आहे.

मराठीत यासाठी एक जुना, घरगुती शब्द आहे, उतरंड. एकावर एक रचलेल्या मडक्यांची रास. जातिव्यवस्थेच्या चर्चेत आपण तो इतका वापरला की त्यातली मडकी दिसेनाशी झाली. पण उतरंड पाहिलेल्या कोणालाही ठाऊक असते की सर्वांत मोठे मडके तळाशी असते आणि वर जावे तसतशी मडकी लहान होत जातात. जगात बहुतेक ठिकाणी फुटबॉलच्या लीगची रचना अशीच असते. तळाशी शेकडो संघ, वर मोजके, आणि दर वर्षी दोन-चार मडक्यांची अदलाबदल. इंग्रजीत तिला पिरॅमिड म्हणतात. आम्हांला उतरंड अधिक नेमका वाटतो, कारण पिरॅमिडातला दगड जागचा हलत नाही.

हे सारे आठवायचे कारण मुंबई एफसी. २०१६-१७ च्या आय-लीगमध्ये १० संघ होते. प्रत्येकाने १८ सामने खेळल्यावर जो तक्ता उरला त्यात मुंबई एफसी दहावा होता, आणि तो खाली गेला. मुंबई शहराच्या नावाने खेळणारा एक क्लब देशाच्या पहिल्या श्रेणीतून खाली उतरला, ही गोष्ट मुंबईत फारशा कोणाला कळली नाही. उन्हाळा होता, आयपीएल चालू होती. दुसऱ्या दिवशीच्या मराठी वर्तमानपत्रात ती बातमी आम्हांला शोधावी लागली. वि. वि. करमरकरांनी मराठी दैनिकात खेळाला स्वतःचे पान मिळवून दिले, त्याला तोवर काही दशके लोटली होती. पण त्या पानाचा मोठा हिस्सा क्रिकेटने केव्हाच व्यापलेला होता. असो.

क्लब तसा जुना नव्हता. २००७ साली स्थापन झाला, २००८ साली आय-लीगची दुसरी श्रेणी जिंकून पहिल्या श्रेणीत आला. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडेल: मुंबई एफसी वर आला तो खेळून आला. जर्सी पिवळी. घरचे मैदान कूपरेज, जरी कूपरेजचे नूतनीकरण चालू असताना काही हंगाम त्याला पुण्याच्या बालेवाडीत ‘घरचे’ सामने खेळावे लागले. घर पुण्यात आणि नाव मुंबईचे, हे आमच्यासारख्या मीरा रोडकरांना फारसे विचित्र वाटत नाही. आमच्या इमारतीतले बहुतेक लोक ‘कुठे राहता’ या प्रश्नाला मुंबईबाहेर ‘मुंबई’ असेच उत्तर देतात.

त्या हंगामात आम्ही कूपरेजवर एकच सामना पाहिला. नेणारा आमचा एक विद्यार्थी होता. तृतीय वर्ष कला, विषय मराठी, सहा पेपर. आणि मुंबई जिल्हा फुटबॉल संघटनेच्या एका खालच्या विभागात गोलरक्षक. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसे, आणि आम्ही ते आळसाचे लक्षण समजत नसू, कारण सारा वर्ग समोर दिसावा अशी त्याची सवयच होती. मार्चमधला दिवस. सिल्व्हर पार्कहून रिक्षाने स्टेशन, मीरा रोडहून चर्चगेट, आणि तिथून ओव्हल मैदानाच्या कडेने चालत. ओव्हलवर नेहमीप्रमाणे एकात एक मिसळलेले क्रिकेटचे डाव चालू होते, आणि कठड्याला टेकून ते पाहणारे आज आठवताना असे वाटते की आत स्टेडियममध्ये जितकी माणसे होती त्याहून फारशी कमी नसावीत.

कूपरेज हे नाव पिंप बनवणाऱ्या कारागिरांवरून पडले. मैदान मंत्रालयापासून हाकेच्या अंतरावर, चहूबाजूंनी उंच इमारती. १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स चषक दीर्घ काळ इथे खेळला गेला आणि या शतकाच्या आरंभी बंद पडला. आम्ही गेलो तेव्हा खाली कृत्रिम हिरवळ होती, आणि तिच्यातून तापलेल्या रबराचा वास येत होता. पिवळे झेंडे घेतलेली पंचवीस-तीस मुले एका कोपऱ्यात ढोल बडवत सामनाभर उभी होती. त्यांच्या घोषणांत मराठी, हिंदी, इंग्रजी अशी मुंबईची सारी सरमिसळ होती आणि एक घोषणा पंचाच्या आईविषयी होती. तिची भाषा आम्ही नोंदवत नाही. बाकीचे प्रेक्षक विखुरलेले. एक गृहस्थ डबा उघडून जेवत होते. मैदान इतके जवळ आणि इतके शांत होते की खेळाडूंचे एकमेकांना हाका मारणे, बूट बुटावर आपटल्याचा आवाज, बचावफळीला जागा सांगताना गोलरक्षकाचा चिरकलेला गळा, हे सारे स्पष्ट ऐकू येत होते. दूरचित्रवाणीवरच्या फुटबॉलमध्ये हे काहीच ऐकू येत नाही.

सामना मुंबईने जिंकला नाही. कसा जिंकला नाही, ते मात्र सांगण्याजोगे आहे. संघ वाईट खेळला असे आमच्या अर्धवट ज्ञानालाही वाटले नाही. चेंडू पायात असला की ते नीट खेळत. पण दहा-बारा पास झाले की कोणीतरी घाबरे. आमचा विद्यार्थी म्हणाला, “सर, बघा, आता तो मागे देणार.” आणि तो खेळाडू खरोखरच मागे देई. पुन्हा तसेच झाले. तिसऱ्यांदा तो काही बोललाच नाही. तळाशी अडकलेल्या संघाला गोल खाण्याची भीती वाटते असा आमचा समज होता. इथे उलटे दिसत होते. त्यांना पुढे जाण्याचीच भीती वाटत होती. हंगामाच्या मध्यात प्रशिक्षक बदलून झाला होता, संतोष कश्यप यांच्या जागी ऑस्कर ब्रुझोन हे स्पॅनिश गृहस्थ आले होते आणि मैदानाच्या कडेला उभे राहून दोन्ही हातांनी ‘पुढे, पुढे’ करत होते. त्यांची भाषा खेळाडूंना कळत असावी. पाय ऐकत नव्हते.

परतीच्या विरार गाडीत बसायला जागा मिळाली नाही. विरार फास्टमधून मीरा रोडला उतरणे हा स्वतंत्र क्रीडाप्रकार आहे, त्याचे वर्णन इथे नको. दारात लोंबकळत त्या मुलाने आम्हांला पहिल्यांदा खालिद जमील यांच्याविषयी सविस्तर सांगितले.

जमील यांचा जन्म कुवेतमधला, १९७७ चा. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या मुंबईच्याच संघांकडून ते खेळले, आणि २००९ साली मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. तेव्हापासून २०१६ पर्यंत, म्हणजे सात वर्षे, त्यांनी हा संघ पहिल्या श्रेणीत टिकवून ठेवला. पैसा बेताचा, मैदान कधी इथे कधी पुण्यात, चांगला खेळाडू वर्षभरात दुसरीकडे जाणार हे ठरलेले. विजेतेपदाची भाषा कोणी करत नव्हते. खाली जायचे नाही, एवढेच उद्दिष्ट. पाहणाऱ्यांना त्यांचा खेळ नीरस वाटे. बचाव घट्ट, लांब चेंडू, एखादा गोल झाला तर नशीब. २०१६ मध्ये क्लबची आणि त्यांची फारकत झाली. पुढचाच हंगाम हा क्लबचा पहिल्या श्रेणीतला शेवटचा ठरला.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी इथे थोडे थांबावे असे आम्हांला वाटते. शोकात्मिकेविषयी आपण वर्गात जे शिकवतो त्याप्रमाणे नायक उंचावरून पडावा लागतो. राजा पडतो, सेनापती पडतो. मुंबई एफसी कधी उंचावर नव्हताच, म्हणून त्याच्या पडण्याला शोकात्मिकेचा मान मिळत नाही. आणि जमील यांची सात वर्षे? न पडणे ही कथेच्या दृष्टीने घटनाच नव्हे. महिन्याच्या एकतीस तारखेपर्यंत पगार पुरवणारी गृहिणी कोणत्याही महाकाव्यात येत नाही. ती गेल्यावर घर कसे चालत होते ते कळते. मराठी नवकथेने मध्यमवर्गीय माणसाची घुसमट पुष्कळ मांडली, परंतु टिकून राहण्याचे कसब, त्यातली रोजची हिशेबी हुशारी, हा विषय तिने फारसा हाताळला नाही असे आमचे मत आहे. त्यावर वाद होऊ शकतो.

मुंबईहून निघालेले जमील मिझोरमच्या ऐझॉल एफसीत गेले. ज्या हंगामात मुंबई दहावा आला त्याच हंगामात ऐझॉल पहिला आला. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध १-१ अशी बरोबरी करून त्यांनी ३७ गुणांसह आय-लीग जिंकली. मोहन बागान एका गुणाने मागे राहिला. ईशान्य भारतातला एखादा संघ देशाचा विजेता होण्याची ती पहिलीच वेळ. त्या संघात आशुतोष मेहता होता, जो आदल्या हंगामापर्यंत मुंबई एफसीत होता. जयेश राणे हा मुंबईकर होता. एकाच तक्त्याच्या दोन टोकांना एकाच माणसाची सावली पडलेली, असे आम्ही तरी दुसरीकडे पाहिलेले नाही. एखाद्या कादंबरीकाराने हे रचले असते तर समीक्षकांनी त्याला योगायोगाचा सोस म्हटले असते.

पण याहून मोठी गोष्ट त्या तक्त्याच्या मागे आहे, आणि ती ऐझॉलचीच आहे. विजेता होण्याच्या आदल्या वर्षी, २०१५-१६ मध्ये, ऐझॉल एफसी खाली गेला होता. नऊ संघांत तो आठवा होता. नववा होता पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. तळाचा संघ वर राहिला आणि त्याच्या वरचा खाली गेला, कारण डीएसकेला थेट प्रवेश मिळालेला होता, आणि अशा प्रवेशाबरोबर काही काळ खाली न जाण्याचे अभय मिळत असे. त्याच्याही आदल्या वर्षी हेच घडले होते. २०१४-१५ मध्ये तळाशी होता भारत एफसी, तोही पुण्याचा, तोही थेट प्रवेशाचा, त्यालाही अभय. त्याच्या ऐवजी खाली गेला गोव्याचा धेंपो, जो पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला होता. सलग तीन वर्षांत तीन क्लब खाली गेले: धेंपो, ऐझॉल, मुंबई. पहिल्या दोघांना आपल्या पुण्याच्या भाऊबंदांसाठी जागा रिकामी करावी लागली. महाराष्ट्राच्या फुटबॉलविषयी अभिमानाने बोलताना हे प्रकरण सहसा कोणी काढत नाही.

त्या तिघांचे पुढे काय झाले? धेंपो दुसऱ्या श्रेणीत उतरला, खेळला, २०१६ साली ती श्रेणी जिंकून वर आला. ऐझॉल खाली जायचा, पण तेवढ्यात साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या गोव्याच्या दोन संघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. महासंघाने नव्या आराखड्यात आय-लीगला दुय्यम ठरवायचे योजले होते, हा त्यांचा आक्षेप. पुढे नुकताच वर आलेला धेंपोही त्याच कारणाने बाहेर पडला. जागा रिकाम्या झाल्या, ऐझॉलला परत बोलावले गेले, आणि तो विजेता झाला. धेंपोने मात्र मैदान सोडले नाही. आपली अकादमी आणि गोव्याची लीग धरून राहिला आणि पुष्कळ वर्षांनी, २०२४-२५ मध्ये, पुन्हा खालून खेळत आय-लीगमध्ये आला. ऐझॉलच्या मागे एक गाव होते, धेंपोच्या मागे एक घराणे आणि गोव्याच्या मैदानांवरची तीन-चार पिढ्यांची सवय.

मुंबई एफसी पुढल्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत उतरलाच नाही. राष्ट्रीय स्पर्धांत त्याचा वरिष्ठ संघ पुन्हा दिसला नाही. खाली गेला असे आपण म्हणतो खरे, पण जिथे गेला म्हणतो तिथे तो पोचल्याची नोंद नाही.

मुंबईपुरते पाहिले तर हा प्रकार जुना आहे. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० साली बंद झाला, आणि तो हरत होता म्हणून नव्हे. एअर इंडिया आणि ओएनजीसी यांना २०१३ मध्ये परवान्याच्या निकषांवर आय-लीगबाहेर राहावे लागले. पुण्यात पुणे एफसी आणि भारत एफसी २०१५ नंतर राहिले नाहीत, डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर नाही. या सर्वांत मैदानावर हरून, गुणांच्या हिशेबाने, रीतसर खाली जाऊन संपलेला एकटा मुंबई एफसी. बाकीचे वरच्या वर विरून गेले. आमच्या मते त्याचा तो एक मान आहे, आणि तो कोणी त्याला दिला नाही.

उतरंडीच्या शेजारी जुन्या स्वयंपाकघरात आणखी एक वस्तू असे, शिंके. दूध-लोण्याचे भांडे मांजराच्या तोंडी लागू नये म्हणून आढ्याला दोरीने टांगून ठेवीत. शिंक्यातल्या भांड्याला खालच्या भांड्याशी कर्तव्य नसते; त्याचा सारा भार वरच्या दोरीवर. २०१० च्या डिसेंबरात महासंघाने आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना देऊन टाकले, आणि त्यातून २०१४ साली इंडियन सुपर लीग उभी राहिली: आठ संघ, आठ मालक, खाली जाणे नाही. तिने पुष्कळ काही दिले हे नाकारण्यात अर्थ नाही. चांगली मैदाने, वेळेवर पगार, लहान मुलांसाठी संघ, प्रेक्षक. अंधेरीच्या मैदानावर मुंबई सिटीचा सामना पाहताना आम्हीही उठून ओरडलो आहोत. पण ते शिंके होते. २०१९-२० पासून तीच देशाची अव्वल लीग ठरली. २०२३ मध्ये पंजाब एफसी आणि २०२४ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंग असे दोन संघ खालून वर घेतले गेले, तरी २०२४-२५ चा हंगाम संपेपर्यंत वरून खाली कोणी गेले नव्हते. जुलै २०२५ मध्ये करार संपत आल्याच्या कारणाने लीग चालवणाऱ्या कंपनीने नवा हंगाम स्थगित ठेवला. सप्टेंबर उजाडला आणि चेंडू हलला नाही. दोरीच्या गाठीला हात लागताच सगळी भांडी एकदम हिंदकळली. तोपर्यंत अव्वल लीगमधल्या ज्या तरुण खेळाडूंना आपण कधी खाली जाणार नाही असे वाटत होते, त्यांना वर आणि खाली दोन्ही नाही अशा जागी काही महिने काढावे लागले.

आमच्या शेजारच्या विंगमध्ये एक मुलगा आहे, तो लेस्टर सिटीचा भक्त. इंग्लंडमधले हे गाव त्याने नकाशावरच पाहिले आहे. २०१६ साली लेस्टर प्रीमियर लीग जिंकला तेव्हा तो सात-आठ वर्षांचा होता आणि सिल्व्हर पार्कच्या नाक्यावरच्या दुकानातून आईने त्याला निळी जर्सी आणून दिली होती. २०२३ मध्ये लेस्टर खाली गेला त्या रात्री त्याने जेवण केले नाही. “काकू, तुम्हांला नाही कळणार,” असे तो दुसऱ्या दिवशी जिन्यात म्हणाला. २०२४ मध्ये लेस्टर वर आला, २०२५ मध्ये पुन्हा खाली गेला. त्याचा शोक खरा आहे यात आम्हांला शंका नाही, आणि त्या शोकाला वळण मिळते ते खाली दुसरी लीग आहे म्हणून; तो तिचेही सामने पहाटेपर्यंत जागून पाहतो. मुंबई एफसी नावाचा क्लब होता हे त्याला आम्ही सांगितले. तो म्हणाला, “मुंबई सिटीचं आधीचं नाव का?”

मीरा रोडविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यापैकी एकीचे कुटुंब गिरगावातल्या चाळीतून नव्वदीच्या दशकात इथे आले. तेव्हा नगरपालिका होती, महानगरपालिका व्हायला २००२ उजाडले. मिठागरे खिडकीतून दिसत, पाणी एक दिवसाआड. गिरगावातले नातेवाईक ‘इतक्या लांब गेलात?’ म्हणत, आणि त्या ‘लांब’मध्ये ‘खाली’ मिसळलेले असे. पण इथे इमारती होत्या, शाळा निघाली, भाजी बाजार बसला, गणपती बसला. आता सिल्व्हर पार्कच्या डोक्यावरून मेट्रोचा पूल गेला आहे. ज्यांना खाली गेलेले म्हटले त्यांच्याकरता खाली एक गाव तयार होते.

२०१७ हे वर्ष आम्हांला आणखी एका कारणाने लक्षात राहिले. आमच्यापैकी एकीच्या महाविद्यालयात त्या वर्षी तृतीय वर्षाचा मराठीचा सहा पेपरांचा वर्ग बंद झाला. विद्यार्थी सहा होते, पुढच्या वर्षासाठी नोंदले गेले दोन. निर्णय कोणा एका माणसाचा नव्हता. कार्यभाराचा तक्ता मांडला गेला, तासिकांची बेरीज झाली, आणि विषय तीन पेपरांवर आला. बैठकीत कोणी वाईट बोलले नाही. उलट सर्वांनी मराठीविषयी आदर व्यक्त केला आणि चहा झाला. निवृत्त झालेल्या सहकाऱ्याची जागा भरली गेली नाही. ‘विशेष स्तर’ हा शब्द वेळापत्रकातून गेला.

त्या बैठकीनंतर काही दिवस आम्ही दोघे घरात एकमेकांशी फार बोललो नाही. ज्याच्याकडे सहा पेपर शाबूत होते त्याला काय बोलावे ते सुचत नव्हते. मग एकदा रात्री पोळ्या लाटता लाटता प्रश्न आला, “तुमच्या कोल्हापुरात खाली गेलेला संघ दुसऱ्या दिवशी काय करतो?” उत्तर होते, “सरावाला जातो.” हे उत्तर धीर देण्यासाठी दिलेले नव्हते, तिथे खरोखर तसेच होते. आणि त्यानंतर तीन पेपर जसे शिकवायचे असतात तसे शिकवले गेले. तीन पेपरांच्या वर्गात इतिहास आणि अर्थशास्त्राची मुले जोडविषय म्हणून येऊन बसत. त्यांना मराठी वाङ्मयाचे इतिहासकार कोण ते ठाऊक नसे. ती प्रश्न विचित्र विचारत आणि कधीकधी चांगले विचारत. सहा पेपरांच्या वर्गातली ती सवय, की दहा मिनिटे कवितेतल्या एकाच अव्ययावर घालवावीत, ती मात्र गेली. ती भरून निघाली असे आम्ही म्हणणार नाही.

तो गोलरक्षक त्या शेवटच्या तुकडीतला. पदवीनंतर त्याने बीपीएड केले, आता वसईकडच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे आणि संध्याकाळी भाड्याच्या टर्फवर लहान मुलांना शिकवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले त्या दिवशी त्याचा संदेश आला. त्यात उद्गारचिन्हेच अधिक होती. सप्टेंबरात मध्य आशियाई देशांच्या स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून भारत तिसरा आला तेव्हा त्याने फोन केला. ऑक्टोबरात सिंगापूरकडून १-२ अशी हार झाली, आशियाई चषकाची वाट बंद झाली. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशाने १-० असे हरवले. त्या रात्री त्याने लिहिले की सरांच्या हाती पुन्हा एकदा तळाचा संघ आला आहे, आणि या वेळी खालीच जाता येत नाही, देशाला दुसरी श्रेणी नसते. पुढे विचारले होते, तीन पेपर चालू आहेत का.

आहेत, असे आम्ही कळवले. जुन्या आराखड्याची ही शेवटची तुकडी, पुढच्या वर्षीपासून नव्या धोरणात त्याला ‘मायनर’ म्हणतील. त्यावर त्याने विचारले की मायनर म्हणजे किती तास. आम्ही वेळापत्रकाचा फोटो काढून पाठवला.